अडलेली खिडकी

जूनच्या अखेरीस दिल्लीत पाऊस पोहोचतो आणि करोलबागेतील जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या अडू लागतात. ज्येष्ठाच्या लूमध्ये खडखडणारी झडप चौकटीत रुतून बसते. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि आडवे फुगते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही.

अशाच एका मराठी घरातील गृहस्थाने वैतागून श्रावणातच झडपेला रंधा मारून घेतला. खिडकी त्या दिवशी अलगद मिटली. कार्तिकात हवा कोरडी झाली, लाकूड आक्रसले आणि नखभर फट उघडी पडली. पंजाब-हरियाणातील जळत्या शेतांचा आणि शहराच्या स्वतःच्या वाहनांचा धूर त्या फटीतून दमेकरी आईच्या खाटेपर्यंत आला. रंध्याने काढलेले लाकूड परत लावता येत नाही; फटीवर कापडाची पट्टी चिकटवून तो हिवाळा कसाबसा काढावा लागला.

पुढच्या पावसाळ्यात दुसरी खिडकी अडली, तेव्हा आलेल्या वृद्ध सुताराने रंधा पिशवीतच ठेवला. त्याने आधी बिजागरी पाहिली. वरचा स्क्रू ढिला होऊन झडप खाली झुकली होती. भोकात सरसात बुडवलेली काडी ठोकून त्याने स्क्रू आवळला, घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती फिरवली आणि उरलेले काम आश्विनावर सोपवले.

आश्विनात ती खिडकी आपणहून मिटू लागली. रंध्याची गरजच उरली नाही. आईने तेवढ्यात आपली खाट त्या खिडकीपाशी हलवून घेतली.