नमुने नकोत, माती आणा

यवतमाळ

प्रिय ताई,


तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत यंदा कलेची कार्यशाळा ठरली, हे वाचून फार बरं वाटलं. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडून सोपे नमुने मागवलेत म्हणतेस. ताई, नमुने मी पाठवणार नाही. गुरुजी फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढतात, आणि वर्गभर तेच उमटतं. केळापूरकडच्या पोडावरच्या पोरानं साग पाहिलाय, पऱ्हाटी पाहिलीय, पोळ्याला सजवलेला बैल पाहिलाय. वहीत मात्र त्याचं काहीच येत नाही.

त्याऐवजी आधी सगळ्या शिक्षकांना वर्ध्याला ने. मगन संग्रहालय दाखव. गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 ला ते उघडलं. चरखे, खादी, ग्रामोद्योगाची अवजारं निवांत बघू दे. तिथून सेवाग्राम. या सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत 1944 पासून देवीप्रसाद मुलांना चित्रकला शिकवत होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली घडलेला हा माणूस, स्वतः उत्तम कुंभार. पुढे त्यांनी ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ लिहिलं. कला हाच शिक्षणाचा पाया, हे त्यांनी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसोबत राहून जाणलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

खुद्द नंदलालबाबूंनी 1936 च्या फैजपूर काँग्रेसचं नगर बांबूसारख्या गावच्याच सामानातून सजवलं. 1938 च्या हरिपुऱ्यासाठी त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत खेड्यातली कामकरी माणसं रंगवली. तीच चित्रं 2019 ला व्हेनिसच्या द्वैवार्षिकात भारताच्या दालनात लागली होती. त्यांच्या छापील प्रती मी आणतो. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून टांगू, तेवढं दालन आपल्याला पुरे.

बघून झालं की लगेच हात घालायचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चित्रकलेचे वेगळे शिक्षक नसतात. गणित शिकवणाऱ्या बाईच कलेचा तास घेतात. म्हणून भीती आधी त्यांची जायला हवी. बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजत घाला. गेरू, कोळसा, हळद आणि राजूरच्या भट्टीचा, आधीच विझवलेला चुना. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना पडला की रंग लाल होतो. हे आधी सांगू नकोस, त्यांना सापडू दे. चुन्याला बोट लावू नये, काडीनं ढवळावं, एवढं मात्र जरूर सांग.

दुसऱ्या दिवशी माती. आपली काळी माती वाळताना आकसते, चिरा जातात. चाळलेली राख आणि बारीक वाळू मिसळली तर बैल टिकतो. तान्हा पोळा जवळच आहे, तेव्हा बैलच करू. कुणाचा बैल कुणी सुधारून द्यायचा नाही, हा एकच नियम. शिक्षकाला स्वतःचा वाकडा बैल आवडला, तरच तो पोराच्या वाकड्या बैलाला हात लावणार नाही.

चुना आणि गेरू माझ्याकडे आहे. डिंक तू जमव, आणि राख चाळून ठेवायला एखाद्या शाळेला सांग. वर्ध्याच्या गाडीचं केंद्रप्रमुखांशी बोलून लवकर कळव, म्हणजे मी कळंबला चढेन.

तुझा,
धाकटा