त्रिनिदादचा हिशोब

मे महिन्याची सुट्टी शिक्षकांची मजा असते, हे आम्हाला सगळेच ऐकवतात. त्या सुट्टीत आम्ही काय करायचं हे मात्र त्याच सगळ्यांनी आधी ठरवून ठेवलेलं असतं. नात्यातली लग्नं, आंब्याच्या पेट्या, भाच्यांचे ॲडमिशन, आणि माझ्यासारखी शेहेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली बाई असेल तर "तू काय, मोकळीच आहेस" म्हणून आलेली चार घरची कामं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएड करून नोकरीला लागले त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस सुट्ट्यांतली एकही मी स्वतःसाठी ठेवली नव्हती. पुढची ठेवायची ठरवली आहे. २०२७ साली बकरी ईद मे महिन्याच्या मध्यावर येते. ईद घरी करायची, कुर्बानीचे वाटे पोचवायचे, आणि आठवड्याभराने त्रिनिदादला निघायचं. एकटीने.

घरात हे सांगितलं तेव्हा तीन प्रश्न आले. अम्मीने विचारलं, "हे कुठं आलं?" भाभीने विचारलं, "खर्च किती?" आणि भाईजानने विचारलं, "सोबत कोण?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ते तुमच्याही मनात येतील, म्हणून त्याच क्रमाने उत्तरं देते.

आधी, कुठं. कॅरिबियन बेटांच्या माळेत अगदी दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर त्रिनिदाद आहे. शेजारी धाकटं टोबॅगो. दोन्ही मिळून एक देश. क्रिकेटवेड्यांना त्याची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन नक्की आठवेल. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते तिथेच. गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक केलं आणि सुनील गावसकरांची ती पहिली कसोटी होती.

मी तिथे पोचले ते दुसऱ्या वाटेने. आमच्या कोकणी मुसलमानांत घरटी एखादा तरी बोटीवर गेलेला असतो. माझे पणजोबा इंग्रजांच्या आगबोटीवर खलाशी होते. त्यांना गावात 'जहाजी' म्हणत. उर्दूच्या एका पाठाची तयारी करताना हाच शब्द मला त्रिनिदादच्या संदर्भात सापडला. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून तिथे लागलं. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर होते. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करारावर नेलेली ही माणसं. करार म्हणजे ॲग्रीमेंट, त्याचं 'गिरमिट' झालं. १९१७ मध्ये ही पद्धत बंद होईपर्यंत दीड लाखाच्या जवळपास माणसं तिकडे गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. एका जहाजातून आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. हिंदू-मुसलमान, जातपात सगळं त्या नात्याच्या खाली. ३० मे हा आज तिथे सरकारी सुट्टीचा दिवस आहे, आणि माझ्या तारखा मी त्याच दिवसाभोवती ठरवल्या आहेत.

भाषेच्या शिक्षकाला तिथे जावंसं वाटण्याची आणखी कारणं आहेत. तिथले हिंदी वंशाचे लोक आज इंग्रजी बोलतात, पण वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. भोजपुरीतून गेलेला शब्द, आमच्या मराठी वर्गातल्या पहिल्या पाठातलाच. जुन्या पिढीचे मुसलमान मौलूदच्या मजलिशीत उर्दू कसीदे म्हणतात, अर्थ पुरता कळत नसला तरी. घरात न बोलली जाणारी भाषा दुआ-कसीद्यांत कशी टिकून राहते, हे मला कानांनी ऐकायचं आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना मी रोज दोन भाषा शिकवते. त्यातली कोणती किती पिढ्या टिकेल, हा प्रश्न माझ्या रोजीरोटीचा आहे.

मोहरमला तिथे 'होसे' म्हणतात. 'हुसेन'वरून आलेलं नाव. पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात ताजिये निघतात, ताशे वाजतात. महाराष्ट्रात गावोगाव ताबुतांना हिंदू घरांचा हात लागतो, तसंच मळ्यांवरही होतं. १८८४ मध्ये इंग्रज सरकारने मिरवणुकांना शहरात यायला बंदी केली. सॅन फर्नांडोजवळ लोक तरीही निघाले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. किमान सोळा माणसं मेली. त्या मिरवणुकीत हिंदू मजूरही मोठ्या संख्येने होते. वॉटरलू गावी शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने बांधलेलं देऊळ कंपनीच्या जमिनीवर आहे म्हणून पाडलं गेलं. तेव्हा त्याने जमीन सोडली आणि समुद्रात भराव टाकून देऊळ बांधायला घेतलं. या दोन्ही जागा माझ्या यादीत आहेत. सेंट जोसेफमधली जुनी मशीदही आहे. ती १९५४ ची आहे आणि तिला जिनांचं नाव आहे. तिथला फोटो टाकला तर इथे कोण काय म्हणेल, हा विचार माझ्या मनात आलाच. भारतातल्या मुसलमान शिक्षिकेला पर्यटनाची यादी करतानाही हा विचार करावा लागतो, हे नोंदवून पुढे जाते. नमाज मात्र तिथे पढणार आहे. आपण इथे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो, तिथले पूर्वेकडे, किंचित उत्तरेला. काबा एकच आहे, आपण तिच्या दोन बाजूंना आहोत. हे भूगोलात शिकलो होतो, पण तिथे उभं राहिल्यावर ते अंगाला कळेल.

आता भाभीचा प्रश्न. आजच्या नियमाप्रमाणे भारतीयांना तिथे पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हे वाचून लगेच खूश होऊ नका. थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर त्याचा प्रकार बदलतो. म्हणून स्वस्त दिसणारी तुटक तिकिटं टाळून सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यायचा. दुसरी गोष्ट पीतज्वराची लस. त्रिनिदादहून भारतात परतताना या लसीचा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ठरलेल्या केंद्रांतच मिळते, आणि एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

वहीतला अंदाज असा आहे. विमान १,४५,००० रुपये. ट्रान्झिट व्हिसा, लस आणि प्रवासविमा १५,०००. बारा रात्रींचा मुक्काम, घरगुती खोली, रोजचे ३,५०० धरून ४२,०००. जेवण रोजचे १,००० प्रमाणे १२,०००. तिथलं फिरणं १४,०००. अडीनडीला २२,०००. एकूण अडीच लाख. यात हॉटेलातलं जेवण बसत नाही, पण तिथे रस्त्यावर 'डबल्स' मिळतात. दोन मऊ बाऱ्यांमध्ये शिजवलेले चणे. प्रिन्सेस टाऊनच्या दीन कुटुंबाने १९३० च्या दशकात ते विकायला सुरुवात केली, असं सांगतात. त्यात मांस नाही, म्हणून हलालचा प्रश्नच येत नाही. दालपुरीही तशीच. फिरायला 'मॅक्सी टॅक्सी' म्हणजे आपली वडाप. अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. लाल पूर्वेकडची, हिरवी दक्षिणेकडची. टोबॅगोला विमानाऐवजी बोटीने जाणार. कोकणातल्या बाईला बोट लागत नाही.

जानेवारी ते मे तिथे कोरडा मोसम असतो, जूनपासून पाऊस. म्हणजे माझे दिवस अगदी कडेला आहेत, चार सरी अंगावर घ्याव्या लागतील. पण कार्निव्हलची महागाई संपलेली असते. आणि मार्च ते ऑगस्ट हा जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री कासवांचा, लेदरबॅकचा, अंडी घालण्याचा काळ. आमच्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं मी मुलांना घेऊन पाहिली आहेत. तिथे मतुराच्या किनाऱ्यावर परवाना काढून, वाटाड्याबरोबर, रात्री जायचं असतं. या एका रात्रीसाठी मी हॉटेलचे दोन दिवस कमी केले आहेत.

पैसे आले कुठून? आम्हा बारा शिक्षिकांची भिशी आहे, महिना दहा हजारांची. व्याज नाही, कागद नाही, सगळं विश्वासावर. दोन वर्षांचे दोन नंबर मिळून २,४०,०००. उरलेले दहावीच्या पेपर तपासणीच्या मानधनातून. पहिल्या भिशीच्या पैशांवर चांद्रवर्ष उलटलं, तेव्हा त्याची अडीच टक्के जकात, ३,००० रुपये, दिली. फिरायला साठवलेल्या पैशातही गरिबाचा हक्क असतो.

भाईजानचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण त्याला दोन बाजू आहेत. एक सुरक्षिततेची. २०२४ मध्ये त्या देशात सहाशेहून जास्त खून झाले, आणि लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत. त्या वर्षाच्या अखेरीस तिथे आणीबाणी लावावी लागली, पुढच्या वर्षीही पुन्हा. हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. उलट त्यावरून नियम केले. राजधानीत अंधार पडल्यावर बाहेर नाही. विमानतळावर दिवसा उतरणारं विमान. रोज ठरलेल्या वेळी फोन, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे हे धरून. आणि निघण्याच्या महिनाभर आधी परिस्थिती बिघडलेली असेल तर बेत रद्द. म्हणून तिकीट थोडं महाग पण परतावा मिळणारं घेणार.

दुसरी बाजू मेहरमची. हदीस मला माहीत आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. बऱ्याच आलिमांचं मत भाईजानच्या बाजूने आहे. ज्यांनी रस्ता सुरक्षित असेल तर मुभा दिली, तेही आलिमच आहेत. २०१८ मध्ये अम्मी आणि मी हजला गेलो ते भाईजान मेहरम होता म्हणूनच. २०२२ मध्ये सौदी सरकारने हज-उमऱ्यासाठी मेहरमची अट काढली, आणि पुढच्याच वर्षी भारतातून चार हजारांहून अधिक बायका मेहरमशिवाय हजला गेल्या. त्यात आमच्या गल्लीतल्या दोघी होत्या. त्यांना निरोप द्यायला सगळी गल्ली एस.टी. स्टँडवर आली होती. कोणी "सोबत कोण?" विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, ती इबादत आणि ही हौस. खरं आहे. पण मग मुद्दा बाई एकटी निघाली हा नाही, ती कशासाठी निघाली हा आहे. तेवढं तरी आपण मोकळेपणाने बोलू या.

अम्मीचं म्हणणं, "फर्ज झाला, आता या पैशात उमरा करून ये ना." याला माझ्याकडे जोरदार उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. उमरा मलाही करायचा आहे. मात्र एक पाहिलंय. बाईने सोन्यात, भाच्याच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये अडीच लाख घातले तर तिला उमऱ्याची आठवण कोणी करून देत नाही. ती स्वतःसाठी काही मागते तेव्हाच होते. जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआन एकदा नाही, अनेकदा सांगतो. आधी होऊन गेलेल्यांचं काय झालं ते पाहण्यासाठी. त्या वाक्यात बायका वगळलेल्या मला दिसल्या नाहीत. आणि उसाच्या मळ्यांत राबून तिथेच मातीत गेलेल्यांमध्ये बायकाही होत्या. त्यातल्या अनेकींच्या सोबतही कोणी नव्हतं, आणि आपण कुठे चाललोय हे त्यांना धड सांगितलेलंही नव्हतं. मला सगळं माहीत आहे, परतीच्या तारखेसकट.

भाईजान अजून हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. परवा त्याने वही मागून घेतली, विम्याच्या आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि "हा कमी आहे, वाढव" म्हणून परत दिली. शाळेची लेखी परवानगी आली आहे. लस पुढच्या महिन्यात मुंबईला जाऊन घ्यायची आहे. अम्मी म्हणाली, मुंबईपर्यंत मीही येते.