तीस हजारांत काशी

आमच्या पतपेढीत मी सत्तावीस वर्षं हिशेब तपासतोय. दुसऱ्यांच्या जमाखर्चावर बोट ठेवण्याची एवढी सवय झाली, की आपला आकडा चुकूच शकत नाही, अशी घमेंड नकळत अंगात मुरते. त्या घमेंडीतच मी गेल्या वर्षी गणपतीनंतर काशीयात्रेचा अंदाज मांडायला बसलो. जाणारी माणसं चार : आई, मावशी, बायको आणि मी. आई चौऱ्याहत्तरची, मावशी सत्तरची. नाशिकरोडहून रेल्वेनं काशी, एक दिवस प्रयाग, एका सकाळी सारनाथ, परत नाशिकरोड. चार मुक्काम.

अर्ध्या तासात कागद तयार झाला. गाडीभाडं ९,९००, राहणं ७,२००, जेवण माणशी दिवसाला दोनशेप्रमाणे ४,८००, तिथलं फिरणं ३,०००, दर्शन आणि नाव २,०००, किरकोळ २,७००. बेरीज २९,६००. ‘तीस हजारांत काशी’ असं मी घरात जाहीरही करून टाकलं.

पहिलं भोक लेकीनं पाडलं. गाडीभाडं बघून म्हणाली, “बाबा, आजीचं तिकीट अर्धं कसं धरलंत?” मी ज्येष्ठ नागरिकांची सवलत धरली होती. बायकांना अठ्ठावन्नपासून निम्मं भाडं, हे डोक्यात पक्कं. ती सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत आलेलीच नाही. एसटीत मात्र पंचाहत्तरीपुढे तिकीट लागत नाही आणि आता बायकांना सगळीकडे अर्धं, त्यामुळे ‘म्हातारी माणसं म्हणजे स्वस्त प्रवास’ हे समीकरण माझ्या डोक्यात टिकून राहिलं होतं. थ्री टायर एसीचं भाडं माणशी साडेसोळाशेच्या घरात, जाऊन-येऊन आठ तिकिटं. १३,२०० झाले. एका ओळीत ३,३०० चा फरक. हीच चूक पतपेढीतल्या कारकुनानं केली असती, तर मी त्याला उभा धरला असता.

दुसरी गोष्ट तारखेची. आईला त्रिपुरी पौर्णिमेला काशीत असायचं होतं. काशीत त्या दिवशी देवदिवाळी. सगळे घाट पणत्यांनी भरतात, आणि खोल्यांचे भावही. २०२५ मध्ये ती पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आली होती. दोन-तीन ठिकाणी फोन केले, तर नेहमीच्या भावाच्या तिप्पट-चौपट. आईला म्हटलं, गंगा तीच आहे, पंधरवड्यानं जाऊ. ती दोन दिवस गप्प राहिली, मग म्हणाली, “बरं.” रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. एका अर्थी बरंच. चार महिने आधी कोणाचे गुडघे कसे असतील, हे कोणाला माहीत!

गुडघ्यांवरून आठवलं. माझ्या कागदावरची १,८०० रुपयांची चार खाटांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नाही, आणि काशीतल्या जुन्या घरांचे जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. बायकोनं फोन हातात घेऊन विचारलं, “खालची खोली आहे का? कमोड आहे का?” हे दोन प्रश्न मला सुचलेच नव्हते. तळमजल्यावरची २,६०० ला मिळाली. प्रयागला मी पॅसेंजरनं जाणार होतो; काशीपासून सव्वाशे किलोमीटर, तिथे गाडी ठरवली, ४,५००. असा कागद पुन्हा लिहिला तो ४१,९०० वर थांबला. किरकोळ मी आता ४,००० केलं होतं, आणि मनात म्हटलं, यापलीकडे काय जाणार?

जेवणाचा अंदाज साफ उलट्या बाजूनं चुकला. आई आणि मावशीनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू इतके घेतले होते, की जाताना गाडीत चहाशिवाय काही विकत घ्यावं लागलं नाही. काशीत सकाळी कचोरी-जिलबी खाल्ली की दोघी दुपारी दहीभातावर. थंडीच्या दिवसांत मिळणारी मलइयो मात्र दोघींनी दोनदा खाल्ली, तीही मातीच्या कुल्हडातून. ४,८०० मधले ७०० उरले. मला फार आनंद झाला. तेवढ्यापुरताच.

विश्वनाथाच्या दर्शनाला मोबाइल आत नेता येत नाही. बाहेरचे दुकानदार हाका मारतात, “मोबाइल रखिए, फ्री है.” ठेवणं फुकटच, फक्त पूजेची टोपली त्यांच्याकडून घ्यायची. टोपलीचा भाव दूध, बेलफूल आणि पेढ्यांच्या आकाराप्रमाणे वाढत जातो. चार माणसांना एक टोपली पुरते, हे आम्हाला चार टोपल्या हातात आल्यावर कळलं. पैसे भरून सुगम दर्शनाची सोय आहे, पण आई म्हणाली, “देवाला भेटायला तिकीट कसलं?” पाऊण तास रांगेत उभी राहिली. मग शेजारच्या कठड्यावर टेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशीला उभं राहवत नाहीये, तिकीट काढ.” मावशी चांगली ताठ उभी होती. तिकिटं काढली. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमधल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यासमोर दोघी बराच वेळ थांबल्या. १७८० मध्ये बाईंनी हे देऊळ पुन्हा उभं केलं, आणि मावशीच्या मते म्हणून आपल्याकडून पैसे घ्यायलाच नको होते.

तोच तिचा मुद्दा नावेतही निघाला. नाववाल्यानं अडीच हजारांपासून सुरुवात केली, सोळाशेवर आला. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट अशी नावं तो सांगत गेला तशी मावशी मला कोपरानं ढोसत होती, “अजून दोनशे कमी कर म्हणावं, सगळं आपल्याच लोकांनी बांधलंय.” दर्शन आणि नाव मिळून २,००० धरलेले ३,८०० झाले.

प्रयागचा दिवस मी मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण तिथला खर्च कुठल्या रकान्यात घालावा, हे मला अजून कळलेलं नाही. संगमावर बायकोनं वेणीदान करावं, हे आईनं घरीच ठरवून ठेवलं होतं. मला नावेत बसल्यावर सांगितलं. नवऱ्यानं बायकोची वेणी घालायची, फुलं माळायची आणि टोकाचे थोडे केस कापून संगमात सोडायचे. मी एकवीस वर्षांत कधी तिच्या केसांना हात लावून वेणी घातलेली नव्हती. नाव हलते, गुरुजी मंत्र म्हणतात, माझ्या हातात तीन पेड आणि कुठला कुठल्यावर जातो, ते सुचत नाही. शेवटी आईनंच मागून सांगितलं, “डावा मध्ये घे, आता उजवा.” बायको पाठमोरी होती, ती हसत होती की काय, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. केस पाण्यात सोडताना मात्र कोणीच बोललं नाही. गुरुजींनी २,१०० म्हटलं, १,५०० वर राजी झाले. घासाघीस करताना मला पहिल्यांदाच थोडी लाज वाटली.

परतीच्या आदल्या दिवशी बायको साडी “नुसती बघायला” गेली. ६,५००. एकवीस वर्षं संसार करून माणसानं बनारसला निघताना साडीचा रकाना ठेवू नये, याला अंदाज नव्हे, आशा म्हणतात. आईनं गंगाजलाचे सीलबंद छोटे गडू घेतले, साठ. तीसच्या भावानं १,८००. “साठ कशाला गं?” मी विचारलं. ती गडू मोजत होती, तिनं उत्तर दिलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक लहान देवळीत ठेवायला दहाच्या नोटांचं कोरं बंडल तिनं निघण्याआधी माझ्याकडूनच मागवून घेतलं होतं, ते तिच्या पर्समधून गेलं. माझ्या वहीत आलंच नाही.

परतीच्या गाडीत मी हिशेब घातला. ४९,२००. ठरवल्यापेक्षा ७,३०० जास्त. किरकोळच्या चार हजारांचा पत्ताच नव्हता. ते साडीत, वेणीत आणि गडूंत विरघळले होते. तरी मला वाटलं, फार वाईट नाही. वहीखाली दोन रेघा मारल्या.

आई वरून वाकून बघत होती. “झालं का तुझं?”

“झालं.”

“मग मावंद्याचं कुठे लिहिलंस?”

मी पेन उघडंच धरून बसलो. काशीहून आलं की गंगापूजन करायचं, मावंदं घालायचं, भाऊबंद आणि शेजारी जेवायला बोलवायचे. लहानपणी मी स्वतः असल्या पंगतींत वाढलं होतं. पण माझी यात्रा नाशिकरोडच्या फलाटावर संपत होती.

“किती पानं?” मी विचारलं.

“चाळीस धर,” मावशी म्हणाली.

आईनं कंबरेचा बटवा काढला. त्यात आचाऱ्याला दिलेल्या दोन हजारांच्या आगाऊ रकमेची चिठ्ठी होती, तारीख आम्ही निघण्याच्या आठ दिवस आधीची. बाकीचे बारा हजार तिनं पेन्शनमधून बाजूला काढून ठेवले होते. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रविवारी मावंदं झालं. पुरणाऐवजी बुंदी केली, मसालेभात, कढी, बटाट्याची भाजी. प्रत्येकाच्या हातात गडू. बारा वाजता पंगत सुरू झाली तेव्हा मी दाराशी उभा राहून माणसं मोजत होतो. चाळीस झाली, सेहेचाळीस झाली, त्रेपन्न झाली. घाम फुटून मी स्वयंपाकघराकडे धावलो. आचारी निवांत कढी ढवळत होता. आईनं त्याला आधीच पंचावन्न पानं सांगून ठेवली होती.