गेम-उद्योगातील उमेदवारी

व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या संस्थेत, म्हणजे स्टुडिओत, विद्यार्थ्याला काही महिन्यांपुरती मिळणारी शिकाऊ जागा म्हणजे इंटर्नशिप. शासकीय मराठीने तिला आंतरवासिता असे भारदस्त नाव दिले असले, तरी वकिलाच्या कचेरीत वा छापखान्यात पूर्वी जिला उमेदवारी म्हणत तीच ही गोष्ट. आणि तो जुना शब्दच अधिक नेमका वाटतो, कारण त्यात विद्यावेतनापेक्षा वाट पाहण्याचा अर्थ अधिक भरलेला आहे.

या जागा थोड्या असण्याचे कारण पैशाची चणचण हे असावे, असे विद्यार्थी बहुधा धरून चालतो. प्रत्यक्षात खरी टंचाई असते ती शिकवणाऱ्याच्या वेळेची. शिकाऊ प्रोग्रामरने लिहिलेला कोड मुख्य प्रकल्पात मिसळण्याआधी कोणा अनुभवी माणसाला तो वाचावा, दुरुस्त करावा आणि समजावून सांगावा लागतो. हे तास ज्या वेळापत्रकातून कापले जातात त्यातले टप्पे, ज्यांना धंद्यात माइलस्टोन म्हणतात, अनेकदा प्रकाशकाकडून येणाऱ्या हप्त्यांशी बांधलेले असतात. म्हणून गेम बाजारात येण्याच्या आधीच्या धावपळीत पोहोचलेल्या चांगल्या अर्जालाही उत्तर येत नाही, आणि त्यात अपमान शोधण्याचे कारण नाही. तोच अर्ज नवा प्रकल्प उभा राहत असताना पुन्हा पाठवणे शहाणपणाचे ठरते.

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने पुणे हे या धंद्याचे जवळचे ठाणे. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि 2018 मध्ये मुंबईतही शाखा उघडली; तर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने घडवला. ही दोन टोके मुद्दाम शेजारी ठेवावीशी वाटतात. मोठ्या स्टुडिओत उमेदवाराला एका कोपऱ्यातले काम मिळते, पण परफोर्ससारखी साधने, म्हणजे शेकडो जणांच्या फायली आणि त्यांतील प्रत्येक बदल सांभाळणारी व्यवस्था, शिस्तीने वापरायला शिकता येते. छोट्या चमूत सगळेच दिसते, मात्र शिकवायला कोणी मोकळे असेलच असे नाही.

भारतातील या उद्योगाची घडणही येथे लक्षात घ्यावी लागते. बंगळूरमध्ये 1997 साली स्थापन झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हपासून येथील बरेचसे काम परदेशी गेमसाठी चित्रे आणि त्रिमितीय प्रतिकृती बनवण्याचे, गेम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे किंवा चुका शोधण्याचे राहिले आहे. असे काम गोपनीयता कराराखाली चालते. म्हणजे उमेदवाराने सहा महिने खपून केलेली गोष्ट गेम प्रसिद्ध होईपर्यंत, आणि कधीकधी त्यानंतरही, त्याला कोणाला दाखवता येत नाही. उमेदवारी मिळवण्यासाठी काम दाखवावे लागते आणि उमेदवारीत केलेले काम दाखवता येत नाही, हा तिढा सुटतो तो स्टुडिओबाहेर स्वतः केलेल्या छोट्या गेमने.

येथे ‘छोट्या’ या शब्दावर जोर आहे. पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुनासंग्रहात, विस्तीर्ण जगाचा अर्धवट आराखडा ठेवणाऱ्यांची संख्या मोठी असते. पण सुरुवात, हार, जीत आणि पुन्हा खेळण्याची सोय एवढे सगळे असलेला पाच मिनिटांचा गेम पाहणाऱ्याला अधिक सांगून जातो, कारण शेवटच्या कंटाळवाण्या दुरुस्त्या हा मुलगा किंवा ही मुलगी करते की नाही हे त्यातूनच कळते. गेम जॅम, म्हणजे बहुधा अठ्ठेचाळीस तासांत गेम पूर्ण करण्याचे मेळावे, याच सवयीसाठी उपयोगी पडतात. 2009 पासून भरणारा ग्लोबल गेम जॅम त्यांतला सर्वपरिचित. विद्यार्थ्यांच्या कामाने दार उघडल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे : डिजिपेन संस्थेतील विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा लहानसा गेम केला, व्हॉल्व्ह कंपनीने त्या चमूला नोकरीवर घेतले, आणि त्याच कल्पनेतून 2007 चा ‘पोर्टल’ उभा राहिला. अशी गोष्ट रोज घडत नाही, हेही खरेच.

टेस्टिंगची, म्हणजे गेममधील चुका शोधून नोंदवण्याची, उमेदवारी कमी प्रतीची मानण्याची एक खोड आहे आणि ती निव्वळ अज्ञानातून आलेली आहे. एखादी चूक नेमक्या कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा घडवता येते हे ज्याला स्पष्ट लिहिता येते, त्याला गेम आतून कसा जोडलेला आहे हे इतरांआधी उमगते.

राहिला प्रश्न नावाचा. गेमच्या अखेरीस सरकणाऱ्या श्रेयनामावलीत उमेदवाराचे नाव येते की नाही, हे त्या त्या स्टुडिओच्या धोरणावर अवलंबून असते, आणि काम अर्ध्यात सोडून गेलेल्यांची नावे अनेकदा गळतात. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी विद्यावेतनाच्या आकड्याबरोबर एवढे एक विद्यार्थ्याने विचारून घ्यावे.