शेवटची रांग



उर्दूतील 'कमरा' आणि इंग्रजीतील 'कॅमेरा' हे शब्द मुळात एकाच घरातले. लॅटिन भाषेत 'कामेरा' म्हणजे खोली. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. आजचा कॅमेराही अशी एक लहानशी अंधारी खोलीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी केळशीला शिक्षक होतो. दहावीच्या मुलांच्या निरोपाच्या दिवशी मी एका मित्राचा डिजिटल एसएलआर कॅमेरा मागून आणला. या कॅमेऱ्यात तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवतो, म्हणून भिंगासमोरचे दृश्य जसेच्या तसे आपल्या डोळ्यांना दिसते. बटण दाबताच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश संवेदकावर पडतो. व्यावसायिक कॅमेऱ्याचा हा संवेदक बहुधा ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. मोबाइलचा संवेदक त्यापुढे अगदीच चिमुकला!

संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर मुले तीन रांगांत उभी राहिली. उजेड कमी होता, म्हणून मी भिंगाचे छिद्र पूर्ण उघडले. आकडा होता १.८. चित्र छान उजळ आले. मी खूश झालो.

छापील प्रती वाटल्यावर शेवटच्या रांगेतला एक अबोल मुलगा माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, "सर, यात मी कोणता? अम्मीने मला ओळखलेच नाही."

मी चित्र नीट पाहिले. पुढची रांग स्वच्छ होती, मागचे चेहरे मात्र धुरकट झाले होते. चूक कॅमेऱ्याची नव्हती. छिद्र मोठे असले की प्रकाश भरपूर येतो, पण थोड्याच अंतरावरच्या वस्तू स्पष्ट येतात. आकडा वाढवला की छिद्र लहान होते आणि पुढचे-मागचे सारे स्पष्ट दिसते. मात्र १.८ वरून ८ वर गेल्यास प्रकाश सुमारे वीसपट कमी होतो. मग पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो, किंवा संवेदकाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागते.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर, चांगल्या उन्हात, मी मुलांना पुन्हा बोलावले. कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि आकडा ८ केला. या वेळी तो मुलगा स्पष्ट दिसला, हसतानासुद्धा! पण शेवटच्या रांगेतले दोघे तोवर कामासाठी मुंबईला गेले होते. माझ्याजवळ त्यांचे ते धुरकट चित्रच उरले आहे.

मित्रांनो, चांगला कॅमेरा पुष्कळ काही करू शकतो. पण कोण स्पष्ट दिसावे, हे तो ठरवत नाही. ते आपण ठरवतो. तुमच्या हाती कॅमेरा येईल, तेव्हा बटण दाबण्यापूर्वी एकदा शेवटच्या रांगेकडे पाहा. मी आता वर्गातही आधी तिकडेच पाहतो.