घोडपदेवाशेजारचे जुने कॉलेज

मुंबईस येणाऱ्या पाहुण्यास आपण राणीची बाग दाखवितो आणि तेथूनच माघारी फिरतो. बागेच्या पूर्वेस घोडपदेवाची वस्ती आहे, तिकडे सहसा कोणाचे पाऊल वळत नाही. देवाच्या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती गिरण्या आणि गोदीच्या वखारी यांच्यामध्ये वाढली. गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबले. चाळी मात्र अद्याप आहेत. विद्येचा आणि या भागाचा काय संबंध, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्यांनी घोडपदेवाहून बागेच्या कडेकडेने पश्चिमेस हमरस्त्यापर्यंत चालत यावे. तेथे गॉथिक धाटणीची एक दगडी इमारत दिसते. आज ते मध्य रेल्वेचे इस्पितळ आहे. १८७१ पासून पुढे सुमारे सतरा वर्षे तेथे एल्फिन्स्टन कॉलेज होते.

याच इमारतीत गोपाळ कृष्ण गोखले शिकले. कोल्हापुरास राजाराम कॉलेजात आरंभ करून ते येथे आले आणि १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, बी. ए. झाले. प्रिन्सिपॉल वर्ड्‌स्वर्थ हे त्याच नावाच्या विख्यात आंग्ल कवीचे नातू. गणितास हॉथॉर्न्थवेट होते. असे गुरू लाभणे हे भाग्य खरेच, परंतु आम्हांस या कथेत अधिक मोलाचा वाटतो तो घरचा जमाखर्च. वडील निवर्तल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतून आठ रुपये ते धाकट्यास पाठवीत. पुढे मुंबईस गोपाळरावांस दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कोठे तो भार हलका झाला. पंधरांतून आठ वजा जाता उरलेल्या सातांत ज्या स्त्रियांनी ते घर चालविले, त्यांस कोणत्याही विश्वविद्यालयाने पदवी दिली नाही.

१८८८ च्या सुमारास कॉलेज काळ्या घोड्याजवळील नव्या वास्तूत गेले. भायखळ्याच्या जागेत यंत्रविद्येची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था आली. तीही १९२३ साली माटुंग्यास गेली. आता त्या इस्पितळास आणि त्याच्यापुढील हमरस्त्यासही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. ते या इमारतीत शिकले नाहीत, पण कॉलेज हेच. परळच्या चाळीतल्या बिऱ्हाडातून ते काळ्या घोड्याच्या वास्तूत जात, आणि १९१२ साली बी. ए. झाले.

त्यांच्याही घरी तोच जमाखर्च होता, किंबहुना अधिक बिकट. चाळीतील एका लहानशा खोलीत बापलेक निजत. पहाटे दोन वाजता मुलास अभ्यासासाठी उठविणे हे रामजी सकपाळांनी आपल्याकडे घेतलेले काम. पुस्तकास पैसे नसले की हे वृद्ध पेन्शनर विवाहित मुलींकडे जात, उसने रुपये मागत, नाहीतर एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन येताच सोडवीत. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेजातील प्रा. म्यूलर पुस्तके देत, कपडेही देत. आणि त्याच कॉलेजात चहा विकणाऱ्या ब्राह्मणाने त्यांस चहाच काय, पाणीदेखील दिले नाही, असे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. गोविंदरावांच्या आठ रुपयांची गोष्ट आपल्या घरांत कौतुकाने सांगितली जाते. ही दुसरी गोष्ट त्याच बैठकीत सांगितलेली आम्ही फारशी ऐकली नाही. मुलांस दोन्ही ठाऊक असाव्यात.

दोघांनीही पुढे कॉलेजास आपला काळ दिला, हे योगायोगाचे नव्हे. पदवीनंतर गोखले पुण्यास गेले आणि १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत राहिले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी सोडविले. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे कचेरीत अथवा कारखान्यात जाणाऱ्या मुलासही नोकरी न सोडता शिकता येई. घोडपदेवच्या चाळीतील मुलास त्यासाठी पहाटेच घर सोडावे लागे, आणि त्याहून आधी घरात कोणीतरी उठून चूल पेटवावी लागे.