चिठ्ठ्या नसलेले नकाशे

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लेकीकडे अमेरिकेला गेले होते, शिकागोजवळ. परत येऊन महिना झाला, झोपेचं गणित जुळलं, बॅगा माळ्यावर गेल्या. तिकडून आणलेला खाऊही वाटून झाला. एक गोष्ट मात्र मनातच राहिली आहे, ती आज लिहिते.

माझी नात इलिनॉय विद्यापीठात 'स्पेशल एज्युकेशन' म्हणजे विशेष शिक्षण या विषयात पदवी करते आहे. तिनं हा विषय घेतला तेव्हा आपल्यातल्याच निम्म्या नातलगांचे मला फोन आले होते. (कोणाचे ते लिहीत नाही, वाचत असालच!) "अहो, त्या विद्यापीठात कॉम्प्युटरला प्रवेश मिळावा म्हणून लोक जिवाचं रान करतात, आणि ही मतिमंदांना शिकवणार?" मीही तेव्हा "बघू, तिची आवड" असं काहीतरी गुळमुळीत बोलले होते.

एका शनिवारी तिला भेटायला गेलो. अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी गावं. शिकागोहून गाडीनं दोन-अडीच तास, आणि दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर मका नि सोयाबीन. मध्येच हे पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचं सरकारी विद्यापीठ. माझ्या गुडघ्यांना पहिल्यांदा काय जाणवलं, तर जिथे जावं तिथे पायऱ्यांच्या शेजारी उतार. चाकाच्या खुर्चीतली मुलं कुणाला हाक न मारता वर्गात जात-येत होती. नातीनं त्याची हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४८ साली टिमोथी न्यूजंट यांनी या विद्यापीठाच्या गेल्सबर्गच्या शाखेत शिक्षणाची सोय सुरू केली. १९४९ मध्ये ती शाखाच बंद व्हायची वेळ आली. तेव्हा ही मुलं गप्प बसली नाहीत, चाकाच्या खुर्च्यांवरून थेट राज्याच्या राजधानीत दाद मागायला गेली. अखेर अर्बानाला त्यांना जागा मिळाली. म्हणजे हे उतार कुणी उपकार म्हणून बांधलेले नाहीत.

याच विद्यापीठात सॅम्युएल कर्क नावाचे प्राध्यापक होते. बुद्धी चांगली, पण वाचन-लेखन अडतं, अशा मुलांसाठी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द त्यांनी १९६३ मध्ये शिकागोत पालकांच्या एका परिषदेत मांडला. आपण ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो ती हीच. मी तेव्हा हायस्कुलात शिकत होते. पुढे मराठी माध्यमातून बी.ए. झाले, बी.एड. झाले, शिक्षिका झाले, पण हा शब्द माझ्या कानावर आला नाही. आपल्याकडे तर अपंगत्वाच्या कायद्याच्या यादीत तो २०१६ साली आला.

नात सुट्टीला घरी आली तेव्हा एक गृहपाठ करत होती. तिकडे १९७५ च्या कायद्यापासून अशा प्रत्येक मुलासाठी शाळेला दरवर्षी वेगळी योजना लिहून काढावी लागते. तिला आय.ई.पी. म्हणतात. ती ठरवायला शिक्षकांच्या बरोबरीनं आई-वडिलांनाही बसवावंच लागतं. नात सरावासाठी ज्या शाळेत जाते तिथल्या मुलांची नावं ती मला सांगत नाही, तसा नियमच आहे. म्हणून म्हणाली, "आजी, तुझ्या वर्गातला एखादा मुलगा सांग ना. मी त्याची योजना लिहून बघते."

मला लगेच एक मुलगा आठवला. सातारा जिल्ह्यातली आमची शाळा, सातवीचा वर्ग. मी सांगायला लागले, "आळशी होता. अभ्यासात लक्ष नाही. जरा लबाडच."

तिनं काहीच टाइप केलं नाही. मराठी छान बोलते, फक्त 'ळ'चा 'ल' होतो. म्हणाली, "आलशी हे डोळ्यांना दिसत नाही गं आजी. तो काय करायचा, ते सांग."

प्रगतिपुस्तकांवर तीस-बत्तीस वर्षं शेरे लिहिलेली मी बाई, पण मला पटकन सांगता येईना. मग आठवू लागले. वाचायला उभं केलं की पहिला शब्द वाचायचा, दुसऱ्याला अडायचा. 'कमल'चं 'कलम' व्हायचं. मुलं हसायची. फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळ गाळायचा. तोंडी विचारलं तर मात्र शिवाजी महाराजांचा इतिहास घडाघडा.

"आणि त्याला चांगलं काय यायचं?" त्या योजनेत हेही आधीच लिहायचं असतं म्हणे.

म्हटलं, नकाशे आणायचा. कपाटात वीसेक नकाशे गुंडाळून उभे असत. 'जा रे, दक्षिण अमेरिकेचा आण' म्हटलं की नेमका तोच आणायचा, कधी चुकला नाही. आणि म्हणूनच मला त्याचा राग यायचा. नकाशावरचं नाव वाचता येतं आणि धडा तेवढा वाचता येत नाही? नाटकं करतोस? असं म्हणून मी त्याच्या हातावर पट्टीही मारली आहे.

"नाव कुठे लिहिलेलं असायचं?" नातीनं विचारलं.

"बाहेरून चिठ्ठी चिकटवलेली..." म्हणता म्हणता मी थांबले. चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्या होत्या. मी स्वतः आणायला गेले तर तीन-चार नकाशे उलगडून बघायची. तो काठीवरून, उसवलेल्या कापडावरून ओळखत असणार. वाचत नव्हताच.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर १९८१ च्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. निकालपत्रकावर सही माझी. त्याआधी वडील येऊन गेले होते. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पोरगं घरी समदं ध्यानात ठिवतंय, मग साळंतच काय हुतंय?" माझ्या या विद्यार्थ्याबद्दल इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. मी त्यांना बसा म्हटलं नाही. "घरी अभ्यास घ्या" एवढंच सांगितलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

आमच्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं, असं मी नातीला म्हणाले. ती "हो" म्हणाली, समजूतदार आहे. पण खरं सांगू? कर्क मला माहीत नव्हते, कायदा नव्हता, हे सगळं खरं. चिठ्ठ्या गळल्या होत्या हे मात्र मला माहीत होतं. ते बघायला कुठलीही पदवी लागत नव्हती.

तो आता साठीला आला असेल. कुठे असतो, काय करतो, ठाऊक नाही. कुणाला विचारायचा धीर अजून झालेला नाही.

असो. फोन करणाऱ्या मंडळींना उत्तर द्यायचं राहिलं होतं. माझी नात काय शिकते, तर मुलाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्याकडे नीट बघायला शिकते. चार वर्षं लागतात त्याला. मला बत्तीस वर्षांत जमलं नाही.